बॅनर राहू दे, आधी काम विचार

बेटा,

तुझा मेसेज वाचला, फोटोही पाहिले. स्टॉल झकास सजवला होतास, त्यात वाद नाही. मागे मोठं बॅनर, टेबलावर पांढरा कीबोर्ड, त्या कीबोर्डातच अख्खा कॉम्प्युटर, बाजूच्या मॉनिटरवर कंपनीचा व्हिडिओ. कॉलेजच्या टेकफेस्टची एवढी गर्दी, आणि रास्पबेरी पाय ५०० एकही विकला गेला नाही. आता तू विचारतेस, काका, बॅनर बदलू का, रील टाकू का, पाचशे रुपये कमी करू का. यातलं काही करू नको. मला एवढंच सांग, जी पोरं स्टॉलवर थांबली त्यांच्यापैकी एकाला तरी तू विचारलंस का, की तुझं काम काय?

विचारलं नसशील. बॅनरवरूनच कळतं. "८ जीबी रॅम, २.४ गिगाहर्ट्झ, क्वाड-कोअर." मेकॅनिकलच्या पोराला त्याचं काय लोणचं घालायचं? त्याला ऑटोकॅडची, म्हणजे ड्रॉइंगच्या सॉफ्टवेअरवर काढलेली, शीट द्यायची आहे. तूच लिहिलंयस की त्यानं "ऑटोकॅड चालतं का" विचारलं, तू "यातल्या लिनक्सवर पर्याय असतात" म्हणालीस आणि तो निघून गेला. जाणारच. चालत नाही तर चालत नाही म्हणावं. इंटेल-एएमडीच्या विंडोजसाठी बनवलेलं सॉफ्टवेअर एआरएम या वेगळ्या जातीच्या चिपच्या या मशीनवर सरळ चालत नाही, हे पहिल्याच मिनिटाला सांग. वरून आपल्या नागपूरच्या बर्डीवर जुना, तपासलेला लॅपटॉप कुठे बरा मिळतो तेही सांग. हो, हातचं गिऱ्हाईक सोडून. तोंड वाकडं करू नको, पुढे वाच.

मी तुझ्या वयाचा असताना, ऐंशीच्या दशकाच्या शेवटी शेवटी, पुण्याच्या डेसिबेल्स कंपनीचा डीबी स्पेक्ट्रम विकत होतो. ब्रिटनमध्ये १९८२ साली आलेल्या झेडएक्स स्पेक्ट्रमचीच ती परवाना घेऊन केलेली आवृत्ती. ४८ केबी मेमरी, पडदा म्हणजे घरचा टीव्ही, प्रोग्रॅम कॅसेटवरून चढवायचा. टेपरेकॉर्डरचा आवाज थोडा कमीजास्त झाला की पाच मिनिटं किरकिर ऐकून शेवटी एरर. बर्डीच्या ज्या दुकानात मी कामाला होतो त्याचे मालक येणाऱ्या प्रत्येक बापाला एकच वाक्य ऐकवायचे, "घेऊन टाका, पोरगं कॉम्प्युटर शिकेल." एका कॉमर्सच्या पोराला कोबोल ही प्रोग्रॅमिंगची भाषा शिकायची होती. त्यालाही तेच वाक्य. आठवड्याभरात तो पोरगा मशीन आणि टेपरेकॉर्डर पिशवीत घालून परत, सोबत बाप. मालक गल्ल्यावरून उठले आणि चहाला निघून गेले. शिव्या मी खाल्ल्या.

त्याच सुमाराला व्हीआरसीईचा, म्हणजे आजच्या व्हीएनआयटीचा, एक सिव्हिलवाला तेच मशीन घेऊन गेला होता. त्याला बीमची तीच ती गणितं पुन्हापुन्हा करायची होती, बेसिक ही प्रोग्रॅमिंगची भाषा येत होती, आणि लॅबमध्ये नंबर लागत नव्हता. तो वर्षभर नव्या कॅसेट न्यायला येत राहिला आणि त्याच्या मागे त्याचे दोन मित्र आले. एका पोराचं काम त्या मशीनवर होत होतं, दुसऱ्याचं होत नव्हतं. मालकांनी दोघांनाही विचारलं नव्हतं.

पुढे मी स्वतःचं दुकान टाकलं तेव्हा काउंटरवर पहिला प्रश्न हाच. तुझं काम काय? रॅमचं, किमतीचं नंतर. कित्येकांना मी सांगितलं की तुला नवीन मशीन लागत नाही, आहे त्यातच रॅम वाढव. तुझी काकू आजही म्हणते, तुम्ही दुकान चालवलं की धर्मशाळा? पण दुकान बंद पडलं ते यापायी नाही, हे एकदा लिहूनच ठेवतो. ऑनलाइनवाले ज्या भावात माल देत होते त्या भावात मला तो ठोकमध्येही मिळत नव्हता. आणि आमच्या लाइनीत जे काहीही बोलून काहीही विकायचे त्यांनीही शटर ओढलंच ना? तिथे आता मोबाईलची कव्हरं लटकतात. माझी जुनी गिऱ्हाइकं मात्र आज पोरांच्या ॲडमिशनच्या वेळी मला फोन करून विचारतात, काका, कोणता घेऊ. वाईट एवढंच वाटतं की हे फोन येतात तेव्हा द्यायला माझ्याजवळ दुकान नाही. मुलगा हैदराबादला, त्याला यात रस नाही. असो.

तुझ्या मशीनचं घराणं मोठं आहे. १९८०च्या दशकात केंद्र सरकारच्या 'क्लास' प्रकल्पात आपल्याकडच्या निवडक शाळांना जे बीबीसी मायक्रो दिले गेले ते केंब्रिजच्या एकॉर्न कंपनीचे. त्याच कंपनीनं १९८५ साली पहिली एआरएम चिप केली, आणि तुझा ५०० त्याच वंशाच्या चिपवर चालतो. केंब्रिजच्या एबेन अप्टन मंडळींनी हे रास्पबेरी पाय सुरूच काहून केलं? तर कॉम्प्युटर सायन्सला अर्ज करणारी पोरं कमी व्हायला लागली होती, आणि जी यायची त्यांनी आधीच्या पोरांसारखी घरी यंत्राशी झटापट केलेली नसायची. २०१२च्या २९ फेब्रुवारीला पहिला बोर्ड विक्रीला आला, पुढे सहा कोटींच्या वर गेले, त्यातला मोठा वाटा कारखान्यांच्या यंत्रांत. मला हे सगळं फार आवडतं. तू यातलं एक अक्षरही स्टॉलवर बोलू नको. घराणं सांगून कोणाची जर्नल पूर्ण होत नाही.

तेव्हा तुझ्या कॉलेजात कोणाचं काम या मशीनवर होतं ते शोध. मला दोन गट दिसतात.

पहिला कॉम्प्युटरच्या सेकंड इयरचा. त्यांना सांग, आपल्या प्रॅक्टिकलचा प्रोग्रॅम पेनड्राइव्हवर घेऊन या. आपल्याकडे अजून टर्बो सी हा जुना कंपायलर शिकवतात, त्यामुळे वरच कुठेतरी त्याची कोनिओ डॉट एच ही फाईल जोडलेली असेल. इथला कंपायलर, जीसीसी, म्हणेल, अशी फाईलच नाही. पोरगं म्हणेल, मशीन बेकार आहे. आता गडबडू नको. त्याच्या बाजूला बस, ती ओळ काढ, क्लिअर-स्क्रीन आणि गेट-सीएच काढ, आयओस्ट्रीमचं डॉट एच उडव, खाली यूझिंग नेमस्पेस एसटीडी टाक, व्हॉइड मेनचं इंट मेन कर. प्रोग्रॅम चालला की किंमत तोच विचारेल. पण तो प्रोग्रॅम त्याचाच पाहिजे. तू घरून तयार करून आणलेला डेमो नको, त्याला कोणी भुलत नाही.

दुसरा गट तुझाच, इलेक्ट्रॉनिक्सवाले. मिनी प्रोजेक्टच्या नावानं सगळे रडत असतात. मशीनच्या मागच्या बाजूला सेन्सर वगैरे जोडायला ४० पिना आहेत, लॅपटॉपला त्या नसतात, आणि तू स्टॉलवर त्यावरची पट्टीसुद्धा काढली नव्हतीस! होस्टेलच्या कूलरवाल्या खोलीत हे मशीन घेऊन जा, डीएचटी-११ सेन्सर जोड, आर्द्रतेचा आकडा स्क्रीनवर आण आणि कूलरचा पंप सुरू कर. नागपूरच्या उन्हाळ्यात तो आकडा कसा चढतो ते पोरांना बघू दे. मग रिले, म्हणजे सिग्नलवर चालणारा स्विच, लावून पंप आपोआप बंद कसा करायचा ते त्यांचं त्यांना सुचतं. एक आधीच बजावून सांग: या पिना ३.३ व्होल्टच्या आहेत. आर्डुइनो बोर्डाच्या सवयीनं कोणी ५ व्होल्टचा सिग्नल सरळ घातला तर बोर्ड जाईल आणि बोंब तुझ्या नावानं होईल.

अडॅप्टरचंही तसंच. तू लिहिलंस की स्वस्त पडावं म्हणून मशीन अडॅप्टरशिवाय विकायचा विचार आहे. बिलकुल नाही. यासाठी कंपनी २७ वॅटचा अडॅप्टर सांगते. पोरगं त्याला फोनचा जुना चार्जर लावेल, कमी व्होल्टेजची सूचना झळकेल, ती तो दुर्लक्षित करेल, आणि लिहिता लिहिता पॉवर गेली की मेमरी कार्डातली फाईल सिस्टिम बिघडेल. त्याचं सबमिशन बुडालं की त्याच्या लेखी तुझा कॉम्प्युटर भंगार, आणि होस्टेलात ही बातमी जेवणाच्या आत मेसभर होते. ज्याचं काम तू विचारलंस त्याचं काम अडता कामा नये. एवढं कळत नसेल तर तू कमिशनसाठी विकते आहेस, आणि मग मला मेसेज करायची गरज नाही.

रागावलो असं समजू नको. तू स्टॉलचा हिशोब न लपवता पाठवलास, ते मला आवडलं. आमच्या वेळी एवढं खरं कोणी कोणाला सांगत नव्हतं.

रीलचं म्हणशील तर कर, पण त्यात तू बोलायचं नाही. ज्या पोराचा प्रोग्रॅम चालला त्याला बोलू दे, आणि त्यानं मशीन घेतलं नसेल तरी चालेल.

किंमत कमी करायची नाही. पाचशे रुपये सोडलेस तर वर्षभरात कार्ड बिघडलेल्या पोराकडे जायला पेट्रोल कुठून आणशील? ते पैसे त्यासाठीच आहेत, आणि हे गिऱ्हाइकाला तसंच सांग. परदेशात स्वस्त आणि इथे जास्त काहून, असं कोणी विचारेलच. बिल दाखव, कर दाखव, तुझा हिस्साही दाखव.

आता पुढचं. तुझ्या पुरवठादाराला म्हणावं, नवीन बॅनर नको, एक मशीन पंधरा दिवस होस्टेलच्या कॉमन रूममध्ये ठेवायला दे. वॉर्डनची परवानगी आधी काढ, लेखी. मॉनिटर माझ्याकडे एक पडून आहे, रविवारी येऊन घेऊन जा. मायक्रो एचडीएमआयची केबल मात्र तू आण, ती माझ्याकडे नाही, आणि बर्डीवर विचारलं तर निम्मे लोक तुझ्या हातात मिनी एचडीएमआयची ठेवतील. प्लग नीट बघून घे. आणि रविवारी येताना एक वही आण, मशीनशेजारी ठेवायला. प्रत्येकानं नाव, ब्रँच आणि आपलं काम लिहायचं. कोणाचं काम झालं आणि कोणाचं नाही, ते तू समोर लिही. नाही झालं तेही लिही.

काका