पुरानंतर सापडलेला पाळीव कुत्रा ठेवून घ्यावा का?

लगेच नको. जुलै २०२१ मध्ये म्हादई नदीच्या पुराने गोव्यातील सत्तरी तालुक्यात घरे बुडाली. अशा वेळी माणसे नेसत्या वस्त्रानिशी बाहेर पडतात, त्यामुळे गळ्यात पट्टा असलेले जनावर टाकून दिलेले नसून केवळ मागे राहिलेले असण्याची शक्यता अधिक असते आणि पाणी ओसरल्यावर ते बहुधा आपल्या घराच्याच आसपास घुटमळते. म्हणून त्याला दूर न नेता तिथेच खाणेपिणे द्यावे आणि त्याचे छायाचित्र पंचायतीत, तसेच निवारा केंद्रात दाखवावे. जाणूनबुजून उपाशी सोडून देणे हा प्राणी क्लेश प्रतिबंधक कायदा, १९६० च्या कलम ११ नुसार गुन्हा आहे (दंड मात्र त्या काळातलाच, पहिल्या खेपेस ५० रुपयांपर्यंत). पुराच्या पाण्यातून लेप्टोस्पायरोसिस हा जिवाणूंमुळे होणारा आजार पसरतो, तेव्हा कुत्र्याला हाताळताना हातमोजे घालावेत.