मावशीचे अळिवाचे लाडू

प्रिय ईरा,

काल व्हिडिओ कॉलवर आजीनं नुकत्याच बाळंत झालेल्या नाशिकच्या मावशीच्या हातात लाडू ठेवला आणि तू विचारलंस, "यानं खरंच दूध येतं? मावशीला नको असेल तरी खायचाच का?" सगळ्यांसमोर घाईत सांगण्यासारखं नव्हतं, म्हणून लिहितेय.

तो अळिवाचा लाडू. अळीव म्हणजे तांबूस, बारीक बी. आजी ते नारळाच्या पाण्यात भिजत घालते. दोन-तीन तासांत दाण्यादाण्याभोवती सब्जासारखं बुळबुळीत आवरण चढतं आणि वाटीभर अळीव पातेलंभर होतात. मग ओलं खोबरं आणि गूळ घालून, कडेनं सुटेपर्यंत मंद आचेवर परतायचं. वर जायफळ. अळिवात लोह भरपूर असतं आणि बाळंतपणात रक्त गेलेलं असतं, म्हणून हा लाडू मला मनापासून पटतो. गरोदरपणात मात्र अळीव देत नाहीत.

याशिवाय डिंकाचे आणि मेथीचे लाडू, दुधातून शतावरी कल्प, खसखशीची खीर, बाजरीची भाकरी आणि शेपूची भाजी, जेवणानंतर चिमूटभर बाळंतशोपा. ही सगळी तयारी आजीनं मावशीचे दिवस भरायच्या आधीच करून ठेवली होती.

आता दुधाचं. बाळ ओढतं तेव्हा आईच्या मेंदूतून प्रोलॅक्टिन नावाचं हार्मोन सुटतं, त्यानं दूध तयार होतं. ऑक्सिटोसिन हे दुसरं हार्मोन ते दूध बाहेर सोडतं. बाळ जितकं पितं तितकं नवं बनतं, म्हणून तान्ह्याला दिवसरात्र मिळून 8 ते 12 वेळा पाजावं लागतं. मेथीनं, शतावरीनं दूध वाढतं का, याचे पुरावे अजून तोकडे आहेत. काही अभ्यासांत फरक दिसला, काहींत नाही.

पण पाजणाऱ्या बाईला रोज साधारण 500 कॅलरी जास्त लागतात, आणि रात्री तीन वाजता तिचा एकच हात मोकळा असतो. तेव्हा लाडूच खाता येतो. शिवाय सव्वा महिना माहेरी तिला स्वयंपाकघरात पाऊल टाकू देत नाहीत, म्हणून ती बाळाला हवं तेव्हा पाजू शकते. मला यातलं सगळ्यात मोलाचं हेच वाटतं.

तुझ्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर: नको असेल तर नको. "लाडू खाल्ले नाहीस म्हणून दूध कमी पडतंय," असं बाळंतिणीला कुणी म्हणालं की माझ्या जिवाला लागतं. बऱ्याचदा बाळाची स्तनावरची पकडच नीट बसलेली नसते. ते डॉक्टरांना किंवा स्तनपान सल्लागाराला दाखवावं. पहिल्या आठवड्यानंतर बाळ दिवसाला सहा-सात लंगोट ओले करत असेल आणि वजन वाढत असेल, तर दूध पुरतंय. मधुमेह असेल तर मेथी विचारूनच घ्यावी, ती साखर उतरवते.

आजीला फोन करशील तेव्हा लाडवांबरोबर मावशीची झोप होते का, तेही विचार.

तुझी,
आई