गाडी सुरू होत नाही? आधी कान द्या

पहिल्यांदाच असं झालं की हातपाय गळतात, पण घाबरू नका. बॉनेट उघडायच्या आधी चावी फिरवा आणि नीट ऐका. निम्मं निदान तिथेच होतं.

- टकटकटक असा भराभर आवाज, डॅशबोर्डचे दिवे मिणमिणते: बॅटरी उतरली आहे.
- एकच ठसठशीत 'टक्', दिवे मात्र लख्ख: संशय स्टार्टरवर (इंजिन फिरवणारी मोटर), किंवा बॅटरीच्या ढिल्या टर्मिनलवर (वायर जोडायची टोकं).
- इंजिन जोमात फिरतंय पण पेट घेत नाही: बॅटरीला दोष देऊ नका. पेट्रोल पोहोचत नसेल, ठिणगी पडत नसेल, किंवा इमोबिलायझर (चोरी रोखणारी यंत्रणा) चावी ओळखत नसेल.
- काहीच आवाज नाही आणि गाडी ऑटोमॅटिक आहे? गिअर 'पी'वर (पार्किंग) आहे का बघा. हसू नका, भले भले फसतात.

नवशिक्यांची नेहमीची चूक म्हणजे थेट नवी बॅटरी आणणं. मीही आणली होती. दोष निघाला टर्मिनलवर साचलेल्या पांढऱ्या-हिरवट भुकटीचा. घासून, नट आवळल्यावर जुन्या बॅटरीवरच गाडी सुरू झाली. टर्मिनल काढताना आधी निगेटिव्ह, लावताना ते शेवटी.

दुसरी चूक, सलग स्टार्टर मारत राहणं. एका वेळी दहा सेकंदांपेक्षा जास्त नको, मध्ये मिनिटभर थांबा.

एक साधा मल्टिमीटर (व्होल्ट मोजायचं यंत्र) घेऊन ठेवा. बंद गाडीत भरलेली बॅटरी साधारण १२.६ व्होल्ट दाखवते; १२ च्या खाली असेल तर आधी चार्ज करा. फ्यूज, रिले, सेन्सर वगैरे सध्या राहू द्या. आवाज कोणता आला तेवढं सांगा, मग पुढचं बघू.