टाकीत किती आहे, हे काट्याला नको, डिपस्टिकला विचारा

गेजवर (इंधनाच्या काट्यावर) पाव टाकी दिसत असतानाही सेसना 172 या छोट्या विमानाचं इंधन संपू शकतं का? (इचलकरंजी)

हो. टाकीतला फ्लोट (इंधनावर तरंगणारा भाग) वळताना, चढताना हलतो आणि काटा त्याच्यामागे डोलतो. सरळ उड्डाणात, वापरण्याजोगं इंधन संपल्यावर काट्याने शून्य दाखवावं, एवढीच त्याच्याकडून खात्रीची अपेक्षा असते. म्हणून विमान सपाट जागी उभं करा आणि त्याच विमानाची डिपस्टिक (इंधन मोजायची खुणांची पट्टी) दोन्ही टाक्यांत बुडवून बघा. समजा, वापरण्याजोगं 100 लिटर भरलं. तासाला 36 लिटर खप धरला तर पावणेतीन तास होतात. त्यातला एक तास राखीव, त्याला हात लावायचा नाही. उरले पावणेदोन. घड्याळ इंजिन सुरू केल्यापासून धरा.

बहुतेक हिशोब चुकतात ते खपात. विमानाच्या हँडबुकातला क्रूझचा (स्थिर, सपाट उड्डाणाचा) आकडा मिक्स्चर लीन केलेलं, म्हणजे हवेच्या मानाने इंधन कमी केलेलं, धरून दिलेला असतो. मिक्स्चरचा लाल नॉब पूर्ण आत, म्हणजे रिच ठेवून उडालात तर टाकी त्याआधीच रिकामी होते. एककंही तपासा, अमेरिकी गॅलन 3.785 लिटरचा असतो. 1983 मध्ये कॅनडात एका बोइंग 767 मध्ये किलोऐवजी पौंडाच्या हिशोबाने इंधन भरलं गेलं आणि दोन्ही इंजिनं हवेतच थांबली.

पावसाळ्यात ड्रेन करताना (टाकीच्या तळातून थोडं इंधन कपात काढताना) नेमकं काय बघायचं?

पाणी तळाशी बसतं. पण कप पूर्ण पाण्याने भरला तर थर दिसतच नाही, सगळं स्वच्छ वाटतं. म्हणून रंग बघा: 100 एलएल हे विमानाचं पेट्रोल निळं असतं.

इंजिन थांबलं तर आधी रीस्टार्ट की मेडे (रेडिओवरची संकटाची हाक)?

आधी वेग. नाक खाली, 172 च्या बहुतेक मॉडेलना 65 नॉट, 172 एसला 68, आणि ट्रिम, म्हणजे हात न लावता तोच वेग टिकेल असं करा. शेत ठरवून तिकडे वळा. मग इंधनाचा सिलेक्टर बोथवर (दोन्ही टाक्या), मिक्स्चर रिच, कार्बोरेटर असेल तर कार्ब हीट (त्याला गरम हवा), मॅग्नेटो (इंजिनाला ठिणगी देणारे) बोथ. सिलेक्टर रिकाम्या टाकीवर राहिला असेल किंवा कार्बोरेटरमध्ये बर्फ धरला असेल, तर इंजिन इथेच परत येतं. मेडे त्यानंतर, चालू फ्रिक्वेन्सीवर. कुणी ऐकत नसेल तर 121.5 ही आणीबाणीची फ्रिक्वेन्सी. टेकण्याआधी इंधन आणि मॅग्नेटो बंद, दारं किलकिली. मास्टर स्विच (विजेचा मुख्य स्विच) मात्र फ्लॅप (पंखांच्या मागच्या कडेच्या, वेग कमी करू देणाऱ्या झडपा) उतरल्यावरच बंद करा, फ्लॅप विजेवर चालतात.

उजळाईवाडीच्या कोल्हापूर विमानतळाभोवती सगळा ऊसच. उतरायचं कुठं?

आधी उंची समजून घ्या. धावपट्टीच समुद्रसपाटीपासून सुमारे 2000 फुटांवर आहे. अल्टिमीटर (समुद्रसपाटीपासूनची उंची दाखवणारं यंत्र) 4000 दाखवतो तेव्हा तुमच्या हातात 2000च असतात: इंजिनाशिवाय, वारा नसेल तर साधारण साडेपाच किलोमीटर, पावणेतीन मिनिटं.

हंगामात वारा गुऱ्हाळाच्या धुरावरून कळतो. तोडणी झालेलं रान चांगलं, पण सरीच्या दिशेनेच उतरा. आडवे गेलात तर पुढचं चाक सरीत अडकून विमान पालथं होतं. तारा वरून दिसत नाहीत, खांब शोधा. विहिरीही फार उशिरा नजरेत येतात. हायवेवर दुभाजक आणि वाहनं, तो नकोच. उभ्या उसाशिवाय काहीच नसेल, तर शेंड्यालाच जमीन समजून फ्लॅप पूर्ण सोडा आणि शक्य तितक्या कमी वेगाने, पंख सपाट ठेवून बसा.