जुन्या पेट्रोल जीपले अॅल्युमिनियमचं रेडिएटर टाकावं का?

भाऊ, मे महिन्यात जीप चढावर उकळते म्हणून तांब्या-पितळेचं रेडिएटर काढून अॅल्युमिनियमचं टाकू का, असं विचारलं तुम्ही. टाका, पण आधी थर्मोस्टॅट (इंजिनाच्या पाण्याची वाट उघड-बंद करणारा व्हॉल्व्ह), पाण्याचा पंप अन् फॅनचा पट्टा पाहून घ्या, नाही तं हजारो रुपये जातील अन् गाडी उकळतच राहील.

उष्णता तसं तांबंच जास्त ओढते, पण जुन्या रेडिएटरच्या पितळी नळ्या अरुंद, साधारण अर्धा इंच, अॅल्युमिनियमच्या एक इंच रुंद करता येतात म्हणून जाळीले जास्त चिकटून राहतात, त्याच्यामुळं २ रो (नळ्यांच्या रांगा) मोठ्या नळ्यांचं घेतलं तरी जुन्या ४ रोच्या तोडीचं काम करते अन् वजनालेही हलकं. ३-४ रोच्या मागं लागू नका, जाड कोअरमधून (नळ्या-जाळीच्या भागातून) हवा कमी जाते. टाक्या वेल्ड केलेल्या पाहिजे, गोंदानं चिकटवलेल्या नको.

फॅनले शराउड (फॅनभोवतीचं कव्हर) नसन तं आधी ते लावा, शेताच्या रस्त्यानं २० च्या स्पीडनं चाललं की हवा फॅनच ओढते, इथंच बहुतेक लोक फसतात.

अन् बोअरचं पाणी बिलकुल टाकू नका बाप्पा! आपल्याकडलं पाणी क्षाराचं, अॅल्युमिनियम आतून खाऊन टाकते. घट्ट (कॉन्सन्ट्रेट) कूलंट अन् बॅटरीत टाकतात ते डिस्टिल्ड पाणी, अॅसिड नाही, अर्धं-अर्धं. रेडिएटरच्या खाली रबर द्या, चेसिसले घासलं तं भोक पडते, अन् ते गावातला डागवाला बुजवत नाही, आर्गन वेल्डिंगवालाच शोधा लागते. रेडिएटरचं झाकण जुन्या इंजिनाच्या प्रेशरचंच ठेवा.