सगळ्या चित्रांना आल्ट टेक्स्ट दिला, तर वेबसाइट दृष्टिहीनांना वापरता येईल का?

आल्ट टेक्स्ट, म्हणजे चित्राचं कोडमध्ये लिहिलेलं वर्णन, दिलात हे उत्तम केलंत. पण तेवढ्याने भागत नाही. मी स्वतः दृष्टिहीन आहे, दिवसभर एनव्हीडीए हा मोफत स्क्रीन रीडर (पडद्यावरचं वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर) वापरतो, आणि अनुभव असा की चित्रापाशी माझं फारसं काही अडत नाही. अडतं ते फॉर्मपाशी.

मागे एका साइटवर अर्ज भरायला बसलो. टॅब दाबला, आवाज आला : 'एडिट, ब्लँक'. पुन्हा टॅब, पुन्हा 'एडिट, ब्लँक'. नऊ रकाने, नऊही मुके. नाव कुठे लिहायचं आणि जन्मतारीख कुठे, काही कळेना. डोळ्यांना दिसेल अशी अक्षरं शेजारी होती, पण कोडमध्ये ती रकान्याला जोडलेलीच नव्हती. अंदाजाने भरत गेलो, तर सबमिटचं बटण टॅबने सापडेना. ते खरं बटण नव्हतंच, डिव्हला (कोडमधल्या साध्या चौकोनाला) रंग देऊन बटणासारखं केलेलं होतं. कसाबसा तिथे पोचून दाबलं, तर पूर्ण शांतता. चुकलेल्या रकान्यांभोवती लाल चौकट आली होती, हे नंतर शेजारच्याने सांगितलं. स्वतःचा अर्ज दुसऱ्याकडून भरून घ्यावा लागला. त्यात माझी खासगी माहिती होती, आणि ती दुसऱ्याला सांगावी लागणं मला फार लागलं.

हे तिन्ही दोष दुरुस्त करायला अर्धा दिवसही लागत नाही. प्रत्येक रकान्याला लेबल टॅग द्या आणि त्या टॅगच्या 'फॉर'मध्ये त्या रकान्याचा आयडी लिहा. बटणासाठी बटण हाच टॅग वापरा, म्हणजे टॅब, एंटर, स्पेस सगळं आपोआप चालतं. चूक झाली तर ती शब्दांत सांगा ('पिनकोड सहा अंकी हवा' असं), तो मजकूर त्या रकान्याला जोडा आणि फोकस (कीबोर्ड त्या क्षणी जिथे आहे ती जागा) पहिल्या चुकीवर न्या. ज्यांना लाल-हिरव्यातला फरक कळत नाही, त्यांचंही काम यानेच होतं.

मग माउस बाजूला ठेवा आणि नुसत्या कीबोर्डवर पूर्ण साइट फिरून बघा. ज्यांचे हात थरथरतात त्यांच्यातले बरेच जण अशीच वापरतात. आपण कुठे आहोत हे दाखवणारी फोकसची चौकट डिझाइनला शोभत नाही म्हणून सीएसएसमधून (साइटचं रूप ठरवणाऱ्या कोडमधून) काढून टाकतात. कृपा करून काढू नका. पॉपअप उघडला की फोकस त्यात जायला हवा, एस्केप दाबल्यावर तो बंद व्हायला हवा आणि फोकस मूळ जागी परत यायला हवा.

कमी दिसणाऱ्यांसाठी फिकट करडी अक्षरं हा मोठा जाच आहे. वेबसाइट सगळ्यांना वापरता यावी यासाठीच्या डब्ल्यूसीएजी २.२ (ऑक्टोबर २०२३) या मानकाच्या एए पातळीला साध्या मजकुराचा कॉन्ट्रास्ट, म्हणजे अक्षरं आणि मागचा रंग यांच्या उजळपणातला फरक, किमान ४.५:१ लागतो, मोठ्या अक्षरांना ३:१. पांढऱ्यावर #७६७६७६ हा करडा जेमतेम बसतो, त्याहून फिकट नको. मोबाइलवर बोटांनी झूम करणंही बंद करू नका.

मराठी साइट असेल तर एक गोष्ट हमखास राहते : तयार टेम्प्लेटमध्ये पानाची भाषा इंग्रजी लिहिलेली असते. मग स्क्रीन रीडर इंग्रजी आवाजात देवनागरी वाचायला जातो आणि एक वाक्य धड कळत नाही. पानाच्या कोडमधल्या 'लँग'मध्ये 'एमआर' (मराठीचा संकेत) लिहा, एवढंच. आणि ज्यांना ऐकू येत नाही त्यांच्यासाठी व्हिडिओला सबटायटल हवेतच.

आपोआप तपासणारी टूल्स जरूर चालवा, पण हिरवी खूण आली म्हणून थांबू नका. आल्ट आहे की नाही एवढंच ती बहुतेक वेळा सांगतात. त्यात 'आयएमजी २०३४' लिहिलंय की खरं वर्णन, हे माणसानेच बघायचं. नुसत्या सजावटीच्या चित्राला मात्र आल्ट रिकामा ठेवा, नाहीतर उगाच ऐकत बसावं लागतं.

साइट चालू झाली की लिंक इथेच द्या, फॉर्म मी एनव्हीडीएवर भरून बघतो आणि कुठे अडलो ते रकान्यासकट कळवतो.