‘कलेतलं ओ की ठो कळत नाही, आयईएलटीएसचा निबंध कसा लिहू?’

“मॅडम, आजार, औषधं, हॉस्पिटल असा विषय आला तर मी लिहिते. पण म्युझियम, पेंटिंग, समाज म्हटलं की हात थांबतो. कलेतलं ओ की ठो कळत नाही. शब्द आणू कुठून?”

कोल्हापूरच्या एका स्टाफ नर्सचा हा प्रश्न. (ओळख पटू नये म्हणून बारीकसारीक तपशील बदलले आहेत.) ब्रिटनमध्ये नर्स म्हणून नोंदणी करायची तर आयईएलटीएस अ‍ॅकॅडमिक या इंग्रजीच्या परीक्षेत वाचन, श्रवण आणि संभाषणात ७ आणि लेखनात ६.५ बँड (गुणश्रेणी) लागतो. बाकी तिन्ही जमलं होतं, लेखन दोनदा ६ वर अडकलं. व्हॉट्सअ‍ॅपवर आलेली १,२०० ‘हाय बँड’ शब्दांची पीडीएफ त्यांनी नाइट ड्यूटीत बसून पाठ केली होती, शेजारी मराठी अर्थ लिहून. तरी निकाल तोच.

‘शब्द कमी पडतात’ हा त्यांचा अंदाज होता, कारण निकालपत्रावर शब्दसंपदेचे गुण वेगळे दाखवतच नाहीत. लेखन चार निकषांवर तपासलं जातं: प्रश्नाला दिलेलं उत्तर, मांडणी, शब्दसंपदा आणि व्याकरण. चौघांचं वजन सारखं. लेखनाचे दोन भाग असतात. त्यात दुसऱ्या भागातल्या किमान २५० शब्दांच्या निबंधाला पहिल्या भागाच्या दुप्पट महत्त्व. म्हणून आधी निबंध समोर ठेवून नेमकं कुठे घसरतंय ते बघावं लागतं. त्यांच्या वहीतलं हे एक वाक्य:

‘द गव्हर्नमेंट शुड गिव्ह अ प्लेथोरा ऑफ मनी टू आर्ट फॉर प्रोटेक्टिंग अवर कल्चर हेरिटेजेस.’

अर्थ कळतो, पण एका वाक्यात चार ठेचा आहेत. सरकारी पैशाबद्दल बोलताना ‘द आर्ट्स’ हवं. त्यात नाटक, संगीत, चित्रकला सगळं येतं. ‘हेरिटेज’चं अनेकवचन होत नाही. त्याच्या आधी ‘कल्चर’ नाही, ‘कल्चरल’ लागतं. आणि ‘प्लेथोरा’! नवजात बाळ लालभडक दिसलं, अंगात रक्त जास्त झालं, की डॉक्टर केसपेपरवर ‘प्लेथोरिक’ लिहितात, हे त्यांना पाठ होतं. शब्द तोच. त्यात गरजेपेक्षा जास्त, असा वास आहे, आणि तो ‘मनी’बरोबर बसत नाही. पीडीएफमध्ये मात्र अर्थ एवढाच होता: ‘भरपूर’.

वाक्य असं झालं: ‘पब्लिक फंडिंग फॉर द आर्ट्स हेल्प्स टू प्रिझर्व्ह कल्चरल हेरिटेज.’ दहा शब्द, त्यातला एकही भारी नाही. पण ‘पब्लिक फंडिंग’ आणि ‘प्रिझर्व्ह हेरिटेज’ या जोड्या इंग्रजीत रुळलेल्या आहेत, आणि परीक्षक तेच शोधतो. आपण नवस बोलतो आणि फेडतो, रांगोळी काढतो, गुढी उभारतो. कोणी ‘गुढी बांधली’ म्हटलं तर कळतं, पण माणूस बाहेरचा आहे हेही कळतं.

दुसरी गोष्ट, कला कळत नाही ही भीती. परीक्षेत चित्राचं रसग्रहण कोणी मागत नाही. प्रश्न साधारण असे येतात: सरकारने कलेवर खर्च करावा की आरोग्यावर, म्युझियमला तिकीट असावं का, शाळेत संगीत सक्तीचं असावं का. म्हणजे पैसा कोण देतो, कोणाला बघायला मिळतं, काय टिकतं. यासाठी आम्ही त्यांच्या गावातलीच एक वास्तू घेतली: शाहू महाराजांनी उभारलेलं पॅलेस थिएटर, आजचं केशवराव भोसले नाट्यगृह, जे ऑगस्ट २०२४ मध्ये आगीत जळालं. त्यावर मराठीत दहा मिनिटं बोलायला सांगितलं. त्या थांबेचनात! मग त्यातल्या एकेका गोष्टीला इंग्रजी जोडी लावली. राजाश्रय म्हणजे ‘रॉयल पेट्रनेज’. परवडणारं तिकीट, ‘अफोर्डेबल टिकेट्स’. प्रेक्षक खेचणं, ‘अट्रॅक्ट ऑडियन्सेस’. जळालेली इमारत ‘रिस्टोअर’ करतात, मरत चाललेली लोककला ‘रिव्हाइव्ह’ करतात, हातात असलेला वारसा ‘प्रिझर्व्ह’ करतात. ‘रिकव्हर’ होतो तो पेशंट.

वॉर्डातले शब्दही कामाला आले. ‘अ‍ॅक्सेस टू हेल्थकेअर’ येतं त्याला ‘अ‍ॅक्सेस टू द आर्ट्स’ अवघड नाही. ‘व्हल्नरेबल पेशंट’वरून ‘व्हल्नरेबल ग्रुप्स’, ‘क्रॉनिक पेन’वरून ‘क्रॉनिक अनएम्प्लॉयमेंट’.

समाजाच्या विषयात मराठी माणसाचे खड्डे ठरलेले आहेत. ‘सोसायटी’ म्हणजे आपल्याला बिल्डिंग आठवते. समाज या अर्थाने लिहिताना त्याच्या आधी ‘द’ नको, नुसतं ‘इन सोसायटी’. ‘गॅदरिंग’ म्हणजे कॉलेजचं स्नेहसंमेलन हे फक्त आपल्याला माहीत. ‘बॅकवर्ड पीपल’ आपल्याकडे सरकारी कागदावर चालतं, तिकडे अपमानास्पद वाटतं. ‘डिसअ‍ॅडव्हांटेज्ड कम्युनिटीज’ लिहावं. ‘जॉइंट फॅमिली’ चूक नाही, पण ‘एक्स्टेंडेड फॅमिली’ सगळीकडे समजतं.

वहीची पद्धत: एका पानावर मधोमध एक नाम, डावीकडे त्याला चालणारी क्रियापदं, उजवीकडे त्याच्याबरोबर येणारे शब्द, खाली स्वतःचं एक वाक्य. आठवड्याला चार नामं, प्रत्येकी सहा जोड्या. सहा आठवड्यांत १४४ जोड्या होतात. उजळणी तिसऱ्या, सातव्या आणि पंधराव्या दिवशी, उजवी बाजू हाताने झाकून. नामं कुठून घ्यायची? न्यूझीलंडच्या अ‍ॅव्हरिल कॉक्सहेड यांनी २००० साली अभ्यासग्रंथांतल्या ५७० शब्दकुळांची (एकाच मूळ शब्दापासून बनलेल्या शब्दांच्या गटांची) यादी केली. तिच्या दहा उपयाद्या आहेत आणि दुसऱ्याच उपयादीत कल्चर, कम्युनिटी, ट्रॅडिशन, रीजन, इन्व्हेस्ट, पार्टिसिपेट सापडतात. सगळे ओळखीचे. नवे शब्द शोधत बसण्यापेक्षा ओळखीच्या शब्दांचे शेजारी माहीत करून घेणं जास्त फळतं, असं आमचं मत.

तिसऱ्या आठवड्यात गाडी घसरली. नाट्यगृहावरचा परिच्छेद इतका छान जमला की त्या तो सगळीकडे चिकटवू लागल्या. प्रश्न म्युझियमच्या मोफत प्रवेशाचा आणि उत्तरात जळालेलं छप्पर. यात पहिल्याच निकषाचे गुण जातात, आणि पाठ केलेला मजकूर परीक्षकाला ओळखू येतो. उपाय म्हणून लिहिण्याआधी प्रश्नातला मुख्य शब्द कागदाच्या कोपऱ्यात लिहायचा आणि प्रत्येक परिच्छेद संपला की त्याच्याकडे बघायचं. त्या शब्दासाठी दरवेळी नवा प्रतिशब्दही शोधायचा नाही. ‘म्युझियम’ पाच वेळा आला तरी चालतो. ‘रिपॉझिटरी’ लिहून अर्थ बिघडवू नये.

तिसऱ्या वेळी लेखनात ६.५ आला. परवा त्यांनी मुलाखतीच्या सरावासाठी फोन केला तेव्हा ‘हेरिटेज’ अजून आपल्या पद्धतीने शेवटी ‘टेज’ म्हणत होत्या. तिथे ‘हेरिटिज’ म्हणतात, जोर पहिल्या अक्षरावर. ‘म्युझियम’मध्ये मात्र तो ‘झि’वर. तेवढं वहीत लाल पेनने लिहायला सांगितलं आहे.